चौतीस टक्के ताई

हर्षदा मगदूमला माणसांचा राग येत नसे. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते, आणि मिरजेच्या लुपस केंद्रात सहा वर्षं रोग्यांशी फोनवर बोलल्यापासून तिच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार उरले होते: खोटं बोलणारे, आणि खोटं बोलायची अजून संधी न मिळालेले.

तिचा हुद्दा कारणवाचकाचा. दहा वर्षांपूर्वी असला हुद्दा जगात कुठे नव्हता, कारण तेव्हा 'चाहूल' नव्हती.

लुपस समजावून सांगायची हर्षदाची एक ठरलेली पद्धत होती. "तुमच्या सोसायटीला रखवालदार आहे ना? तो चोर सोडून बिऱ्हाडकरूंनाच बडवायला लागला तर काय होईल? तेच. आज सांधे बडवेल, उद्या कातडी, परवा मूत्रपिंड. चोर मुळात आलेलाच नसतो." रोगी मान डोलवायचे आणि हमखास विचारायचे, "मग ताई, प्रतिकारशक्ती वाढवायला काय खाऊ?" त्यावर हर्षदा डोळे मिटून मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायची. मारकुट्या रखवालदाराच्या हातात आणखी जाड काठी द्यायला निघालेली ही माणसं मत द्यायलाही जातात, हे तिला खरं वाटायचं नाही.

चाहूल म्हणजे दंडाला चिकटवायची रुपयाएवढी चकती. तिच्या पाठीवर केसाहून बारीक सुया, टोचलेल्याही कळू नयेत अशा. पेशींच्या मधलं पाणी त्या दर तासाला चाखायच्या. हे रखवालदार बिथरायच्या आधी एकमेकांना हाका मारतात. त्या हाकांचं रसायन म्हणजे इंटरफेरॉन. ते वाढू लागलं आणि रक्तातली पूरक प्रथिनं खर्ची पडू लागली, की सांधा सुजायला किंवा लघवीतून प्रथिन जायला साधारण नऊ दिवस उरलेले असतात. नऊ दिवस आधी कळणं हीच केवढी मोठी गोष्ट होती. पण चाहूल बनवणारे तेवढ्यावर थांबले नाहीत. चकतीला ऊन कळायचं, झोप कळायची, गोळीचा अंश कळायचा, पोटात गेलेल्या बऱ्याच पदार्थांचा माग लागायचा. जवळ कोणाचा फोन आहे आणि बोलण्याचा आवाज किती चढलाय, हेसुद्धा तिला कळायचं. काय बोललं गेलं ते तेवढं कळत नसे. हे सगळं ती स्वतःच केंद्राला पाठवायची, आणि तिथल्या पडद्यावर रोग्याची रेघ उमटायची. वीस हजार रोग्यांचे असे दिवस एकमेकांशी ताडून यंत्र सांगायचं, की ही जी रेघ चढली तिच्यात उन्हाचा वाटा एवढा आणि जागरणाचा एवढा. हे कोर्टातलं शाबीत सत्य नव्हे, अंदाजच होता. पण त्या अंदाजापुढे रोग्याची थाप टिकत नसे.

नुसते आकडे हातात दिले की रोगी घाबरायचे, नाहीतर आकड्यांशी भांडायचे. म्हणून मध्ये बोलणारं माणूस हवं होतं. ती हर्षदा.

"ऊन एक्केचाळीस टक्के," एकदा ती तासगावच्या एका बाईंना सांगत होती. "रविवारचं."

"ऊन? छे हो! मी तर दिवसभर घरातच होते."

"अकरा ते सव्वाबारा. बेदाण्याच्या शेडवर कोण चढलं होतं मग, तुमचा आत्मा?"

"ते होय... ते जरा जाळी बसवायला. पण टोपी होती की डोक्यावर!"

"टोपी डोक्यावर असते. दंड कुठे होते?"

बाई गप्प झाल्या. पलीकडच्या माणसाचं असं गप्प होणं हर्षदाला आवडू लागलं होतं. तिला वाटे, रोगी बरा व्हायला एवढी एकच गोष्ट लागते, त्याची लबाडी पकडणारं कोणीतरी. हे ती घरीही विसरत नसे.

घरी तनुजा होती. धाकटी बहीण, अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यापासून हर्षदानंच तिला वाढवलं, शिकवलं, शाळेत चित्रकलेच्या नोकरीला लावलं. चार वर्षांपूर्वी तनुजाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा उठला, आणि हर्षदा ज्या रोगावर पगार घेत होती तोच घरात राहायला आला. गेल्या वर्षी मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला तेव्हा डॉ. कागवाड्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, की आणखी एक जोराची उसळी आली तर डायलिसिस. दोन गोळ्या होत्या, एक मूत्रपिंडासाठी आणि एक मलेरियाची म्हणून जुन्या काळापासून चालत आलेली. त्या तनुजा नेमानं घ्यायची. केंद्राच्या नियमानुसार नातेवाइकाची रेघ स्वतः वाचता येत नसे, म्हणून ती शेजारच्या टेबलावरचे आवटी वाचायचे. घरात हर्षदाला रेघेची गरजही वाटत नसे.

"छत्री कुठाय?"

"विसरले."

"विसरली नाहीस, लाज वाटते तुला. पाच वाजता मैदानावर कशाला थांबलीस? काल किती वाजता झोपलीस? खरं सांग."

तनुजा खरं सांगायची. मग हर्षदा त्या खऱ्यातलं खोटं शोधायची. चार वर्षं रोज संध्याकाळी हे चाले, आणि यालाच हर्षदा काळजी म्हणत असे.

मे महिन्याच्या सुट्टीला तनुजानं जेवताना सांगितलं, "ताई, मी चाळीस दिवस तृणांकुरला चाललेय."

तृणांकुर म्हणजे दंडोबाच्या डोंगरापलीकडचं एक निसर्गोपचार केंद्र. तिथले भालचंद्र सोहनी, म्हणजे सगळ्यांचे भालूकाका, आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकायचे. एके दिवशी त्यांना साक्षात्कार झाला, की यंत्रापेक्षा निसर्ग विकायला सोपा, तो दुरुस्तीला परत येत नाही. सकाळी मातीचा लेप आणि सूर्यस्नान, मग लसूणघासाच्या कोंबांचा रस, गुळवेलीचा काढा, आणि दिवसभर मौन किंवा मंद हसू.

हर्षदा एवढी हसली की तिला ठसका लागला. "लसूणघास! अगं, तो वैरणीचा असतो. त्याच्यातल्या एका द्रव्यानं लुपस पेटतो हे आपल्या केंद्रातला शिपाईसुद्धा सांगेल. आणि मे महिन्यात सकाळी साडेआठचं ऊन कोवळं म्हणणाऱ्या माणसाच्या हाती तू मूत्रपिंड देणार? जा, जा. येताना शेपूट फुटलं तर फोटो पाठव."

तनुजानं ताट उचललं, धुतलं आणि बॅग भरायला गेली. ती भांडली नाही, रडली नाही, आणि यात काही वेगळं आहे हे हर्षदाला जाणवलंही नाही.

पंधरा दिवसांनी आवटी टेबलाशी येऊन घुटमळले. कल्लाप्पा आवटी म्हणजे साधा, पापभीरू माणूस. हर्षदाच्या मते त्याच्या पापभीरूपणाचं मूळ आळसात होतं.

"मॅडम, तुमच्या बहिणीची रेघ."

"चढली ना? माहीत होतं."

"उतरली. चार वर्षांत एवढी कधी उतरली नव्हती."

"चकती सैल झाली असेल."

"तीनदा तपासली. चकती ठीक आहे."

नियम बाजूला ठेवून हर्षदानं पडदा आपल्याकडे वळवला. रेघ खरोखर हिरव्यात होती. "कशानं उतरली? त्या रसानं?"

"छे, रसाचा वाटा उलटाच आहे, रेघ चढवणारा. काढ्याचाही तसाच. पण झोप आहे ना, सत्तावीस टक्के. नऊ वाजता झोपतात तिथे सगळे." आवटींनी पंख्याकडे बघितलं. "आणि... निकटची व्यक्ती क्रमांक एक. तिची गैरहजेरी. चौतीस टक्के."

"व्यक्ती क्रमांक एक कोण?"

आवटी पंख्याकडेच बघत राहिले. हर्षदानं ओळ उघडली. त्या व्यक्तीचा फोन चार वर्षं रोज संध्याकाळी साडेसहा ते दहा तनुजाच्या जवळ असे. आवाज चढायचा तो साडेसहा ते साडेसातमध्ये. गेल्या वर्षीची मूत्रपिंडाची उसळी उघडली. तिथेही व्यक्ती क्रमांक एक, सगळ्यांत वर, उन्हाच्याही वर.

"यंत्र मूर्ख आहे," हर्षदा म्हणाली.

"असेल," आवटी म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी तिला बोलायला कोणी नव्हतं. तिनं दिवा लावला, भात टाकला, आणि साडेसहाला आपोआप तोंड उघडलं. छत्री कोपऱ्यात होती. तिला वाईट वाटलं, अगदी सरळ साधं वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घ्यायची सवय नसल्यामुळे त्याचं काय करायचं हे तिला कळेना. माणूस ताणाखाली असला की त्याचे रखवालदार बिथरतात, हे ती रोज दहा जणांना सांगत होती. ताण म्हणजे ऑफिस, सासू, परीक्षा असं ती म्हणायची. ताण म्हणजे आपण, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

अठराव्या दिवशी रेघ वर वळली.

"गोळीचा अंश संपत चाललाय," आवटींनी सांगितलं. "एक तर पूर्ण गेली. बहुतेक पोचल्याच्या दिवशीच सोडल्यात. रेघ हिरव्यात होती म्हणून मी अंश बघितलाच नाही."

आता हर्षदाला सगळं लख्ख दिसलं. मूत्रपिंडाची गोळी दोन-चार दिवसांत शरीरातून जाते, पण तिच्या मागे शिस्तीत राहिलेली पेशींची फौज लगेच उधळत नाही. मलेरियाची ती जुनी गोळी तर अंगात महिना-महिना मुरून राहते. म्हणजे गोळ्या सोडल्यावरचे पहिले दिवस जुन्या पुण्याईवर निघतात. त्याच दिवसांत झोप मिळाली, शांतता मिळाली, ताई मिळाली नाही, म्हणून रेघ उतरली. तृणांकुरमध्ये त्याचं श्रेय गवताला गेलं असणार. आता पुण्याई सरत होती आणि वर ऊन, वर लसूणघास. हातात नऊ दिवस होते.

डॉ. कागवाडे म्हणाले, "बाई सज्ञान आहेत. आपण कळवू शकतो, ओढून आणू शकत नाही. आपला निरोप त्यांनी न वाचताच परत केलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदा बिनचालकाच्या बसनं डोंगरापलीकडे गेली. फाटकावर फोन काढून घेतला. आत मैदानात तीसेक बाया-माणसं अंगाला माती फासून उताणी पडली होती, वाळत घातलेल्या सांडग्यांसारखी ओळीनं. तनुजा तिसऱ्या ओळीत होती. गालांवरचं फुलपाखरू मातीतूनही दिसत होतं.

"ऊठ," हर्षदा म्हणाली.

भालूकाका लगबगीनं आले. पांढरी दाढी, पांढरी लुंगी, आणि समोरचा कितीही कावला तरी न मावळणारं हसू. "या ताई. तुमच्याबद्दल तनुजानं खूप सांगितलंय."

"तिच्या गोळ्या का बंद केल्यात?"

"मी? मी कोणालाच काही बंद करायला सांगत नाही. आम्ही फक्त प्रतिकारशक्ती वाढवतो."

"तिची प्रतिकारशक्ती कमी नाहीये, माजलीय! तुम्हाला रोगाचं नाव तरी नीट माहिताय का? गाई-म्हशींचं खाद्य पाजताय माणसांना, आणि ही शहाणी पितेय! तनू, रेघ चढतेय तुझी. नऊ दिवसांत मूत्रपिंड बसेल."

"चढणारच," भालूकाका मायेनं म्हणाले. "रोग बाहेर पडताना उसळतो."

तनुजा उठून बसली. अंगावरची माती तडकली. "ताई, हळू बोल."

"हळू? मी हळू बोलू? मूर्खासारखी चिखलात लोळतेयस आणि मी—"

"चार वर्षं," तनुजा म्हणाली. "चार वर्षं घरात पाऊल टाकलं की तू विचारतेस, काय खाल्लंस, कुठे होतीस, खरं सांग. इथे मला विचारतात, कशी आहेस. बास, एवढंच विचारतात. त्यासाठी मी गवत खाईन ताई. तू जा."

हर्षदा आणखी अर्धा तास बोलली. सगळं खरं बोलली, पुराव्यासकट बोलली, आणि इतक्या मोठ्यानं बोलली की शेवटी चौथ्या ओळीतली माणसंही उठून बसली. तनुजानं पुन्हा अंगाला माती लावून घेतली.

दुसऱ्या सकाळी आवटींनी पडदा तिच्याकडे वळवला. रेघ एका दिवसात दोन दिवसांची चढली होती. कारणांत गोळीच्या खालोखाल ओळ होती: काल साडेनऊ ते सव्वादहा, चढा आवाज.

म्हणजे आता सात नाही, सहा दिवस. आणि आपण तोंड उघडलं की आणखी कमी.

हर्षदानं त्या दिवशी एकाही रोग्याला फोन केला नाही. ती नुसती बसून विचार करत राहिली. तनुजा जगात एकाच माणसाचं ऐकत होती, आणि तो माणूस म्हणजे पाण्याची यंत्रं विकणारा एक हसतमुख ठोंब्या. त्याला पटवायचं तर त्याच्यासमोर वाकायला हवं. हर्षदानं आयुष्यात कोणासमोर मान वाकवली नव्हती. वाकवावी असं कोणी तिला भेटलंच नव्हतं. हाही तसा नव्हता. पण वाकायचं होतं ते त्याच्यापुढे.

दुपारी ती पुन्हा गेली. दर्शनाच्या रांगेत बसली. तिच्या पुढे अकरा जण होते. सगळ्यांनी काकांच्या पायाला हात लावला. तिनंही लावला. पाय मऊ होते, त्यांना चंदनाचा वास होता.

"काका, मी चुकले. काल फार बोलले."

"अहो ताई, मी मनावर घेतच नाही."

ते खरंच मनावर घेत नव्हते, आणि हर्षदाला त्याचाच जास्त संताप आला. तो तिनं गिळला. "माझ्यासाठी एक करा. तनुजाला गोळ्या घ्यायला सांगा. उन्हात झोपवू नका, तो रस देऊ नका. बाकी सगळं चालू द्या. झोप, शांतता, तुमचं ते मौन. त्याचा तिला खरंच फायदा होतोय."

काकांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी हललं. "फायदा होतोय? तुमच्या यंत्रात दिसतोय?"

"पहिले पंधरा दिवस दिसला."

"वा!" काकांनी मांडी बदलली. "मग असं करू. संध्याकाळी आमचा मेळावा असतो. आसपासच्या गावांतूनही माणसं येतात. तिथे दोन शब्द बोला. मोठ्या केंद्रातल्या कारणवाचक तुम्ही, तुमच्या तोंडून येऊ दे. खोटं नको बोलायला. पंधरा दिवसांत रेघ उतरली, तेवढंच सांगा."

"आणि नंतर चढली, ते?"

"ते तुम्हाला कोण विचारतंय?" काका हसले. "तुम्ही बोला. मी तनुजाला गोळी तुळशीच्या पानात देतो. निसर्गानं परवानगी दिलीय म्हणून सांगतो. घेईल ती."

हा माणूस आपल्याला वाटला तेवढा ठोंब्या नाही, हे हर्षदाला तेव्हा कळलं.

मेळाव्याला शंभरेक माणसं होती. तनुजा पुढे, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसली होती. काकांच्या शेजारच्या तबकात एक तुळशीचं पान आणि पानावर पांढरी गोळी. हर्षदा उभी राहिली. लपवाछपवी करणाऱ्यांना सहा वर्षं रोज फाडून खाणारी ही बाई हात जोडून म्हणाली, "मी मिरजेच्या लुपस केंद्रात कारणवाचक आहे. माझ्या बहिणीची रेघ मी स्वतः पाहिली. इथे आल्यावर पंधरा दिवसांत ती जेवढी उतरली, तेवढी चार वर्षांत उतरली नव्हती."

तिनं एवढंच सांगितलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. टाळ्या थांबेनात. तनुजा तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात किती तरी वर्षांनी भीती नव्हती.

मागच्या रांगेतून एक पन्नाशीची बाई उठली. रापलेला चेहरा, गालांवर तेच फुलपाखरू, दंडावर चाहूलची चकती. "मी आक्काताई चौगुले, भोशाची. ताई, तुमचा फोन येतोय की मला. मग मी बी गोळ्या सोडू व्हय?"

हर्षदानं काकांकडे बघितलं. काकांनी तबक उचललं होतं, पण पुढे केलं नव्हतं. ते थांबले होते. हसत थांबले होते.

"काकांना विचारा," हर्षदा म्हणाली.

"ज्यानं त्यानं आतला आवाज ऐकावा," काका म्हणाले, आणि तबक तनुजापुढे केलं. तनुजानं प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांनी गोळी घेतली आणि गिळली. हर्षदानं तिचा घसा हललेला पाहिला. मग तिला आक्काताईकडे बघायचं धैर्य झालं नाही.

रेघ चार दिवस वरच अडून बसली, पाचव्या दिवशी खाली वळली. चाळीस दिवस भरून तनुजा घरी आली तेव्हा लघवीची तपासणी स्वच्छ होती. डॉ. कागवाडे म्हणाले, "थोडक्यात वाचलात." घरी हर्षदा आता हळू बोलायची. साडेसहाला "कशी आहेस" एवढंच विचारायची आणि पुढचे प्रश्न दातांखाली धरायची. तनुजा पुन्हा चित्रं काढू लागली.

"बघ ताई," ती म्हणाली, "म्हटलं होतं ना? काकांनीच बरं केलं मला."

"हो," हर्षदा म्हणाली.

पण आक्काताई चौगुलेची रेघ हर्षदाच्याच टेबलावर होती. गोळीचा अंश उतरत चाललेला तिला मेळाव्यानंतर आठवड्याभरातच दिसला. तेव्हाच फोन करायला हवा होता. पण आक्काताई जाऊन काकांना सांगणार, काका उलटणार, आणि तनुजाचं सत्र संपायला अजून वेळ होता. त्यामुळे रोज सकाळी ती रेघ उघडायची, फोनवर हात ठेवायची आणि तो मागे घ्यायची. आक्काताईची रेघ पिवळ्यातून तांबड्यात गेली. तनुजा घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी हर्षदानं नंबर लावला.

"अगं बया, ताई! तुमचीच आठवण काढत हुतो."

"आक्काताई, पाय सुजलेत का?"

"सुजल्यात जरा. तोंड बी सुजलंय सकाळपास्नं. काका म्हणालं, आतलं इख भाईर पडतंय."

"नीट ऐका. गोळ्या आत्ताच्या आत्ता सुरू करा. मी गाडी पाठवते, आजच मिरजेला या. त्या दिवशी मी सगळं सांगितलं नव्हतं. बहिणीची रेघ नंतर चढली होती. ती गोळ्यांनीच बरी झाली."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. हे गप्प होणं हर्षदाला ओळखीचं नव्हतं.

"म्हंजी तुम्ही खोटं बोलला व्हय?"

"हो."

"तवा बोलला, का आत्ता बोलताय?"

हर्षदानं तोंड उघडलं. आकडे समोर होते, रेघ समोर होती, टक्के समोर होते, आणि त्यांतलं काहीच या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"तुमच्या बहिणीला तर बरं वाटलं की. समद्यांनी बघितलं," आक्काताई समजूतदारपणे म्हणाली. "ऱ्हाऊ द्या ताई. तुमच्यावर सायबांचा दाब आला आसंल. मी काकास्नी इचारून बघतो."

फोन बंद झाला. हर्षदानं लगेच पुन्हा नंबर लावला. लागेना. आक्काताई दुसरीकडे बोलत होती.